क्लाउड स्टोरेज निवडताना: किती जीबी मिळतात यापेक्षा फाइल परत कशी मिळते ते बघा

क्लाउड स्टोरेज घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फुकट किती मिळतं? मेगा २० जीबी देतं, गुगल १५, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल प्रत्येकी ५, ड्रॉपबॉक्स २. हे आकडे बघून निवड दोन मिनिटांत उरकते, आणि बहुधा तिथेच चुकते. फुकटची जागा आज ना उद्या भरतेच. तोवर फोटो, कागदपत्रं, लोकांना पाठवलेल्या लिंका असं सगळं त्याच कंपनीकडे साचलेलं असतं, आणि मग मुकाट्याने पैसे भरत राहण्यावाचून गत्यंतर नसतं.

फाइल वर चढवणं सगळ्याच सेवांनी सोपं करून ठेवलं आहे. त्यांच्यातला फरक कळतो तो फाइल परत मागताना. चुकून डिलीट झालेली फाइल किती दिवस मिळू शकते? पासवर्ड विसरला तर कोण दार उघडून देतं? पैसे भरायचे राहिले तर काय होतं? सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं ठरवलं तर तारखा आणि फोल्डर शाबूत राहतात का? निवड या प्रश्नांवर करावी. जीबीचा हिशेब त्यानंतर.

आधी काम ठरवा

'क्लाउड' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी कामं खपवली जातात. सिंक म्हणजे एकच फोल्डर फोनवर, लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर जसंच्या तसं ठेवणं. बॅकअप म्हणजे तुमच्याकडे जे आहे त्याची एक जादा प्रत ठेवणं, मूळ फाइल बिघडली तरी हाताशी असावी म्हणून. तिसरं काम साठवणीचं: क्वचित लागणाऱ्या पण टाकवत नाहीत अशा गोष्टी संगणकावरून काढून फक्त वर ठेवणं. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड आणि ड्रॉपबॉक्स या मुळात सिंकच्या सेवा आहेत. लोक त्यांना बॅकअप समजून वापरतात आणि नेमका तिथे घोळ होतो.

सिंकमध्ये तुम्ही केलेला बदल सगळीकडे पोचतो, आणि डिलीट करणं हाही एक बदलच असतो. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू आहे आणि जागा संपली म्हणून फोनमधले दोन हजार फोटो उडवले, तर ते आयपॅडवरून, मॅकवरून आणि क्लाउडमधूनही जातात. यात बिघाड काहीच नाही, सिंकचं कामच ते आहे. फोनमध्ये जागा हवी असेल तर फोटो न उडवता सेटिंग्जमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू करायचं. मग मूळ फोटो वर राहतो आणि फोनमध्ये छोटी प्रत उरते. गुगल फोटोजमध्ये गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे 'फ्री अप स्पेस' हा पर्याय फक्त फोनमधली प्रत काढतो, साधं डिलीट मात्र दोन्हीकडची. दोन्ही बटणं एकाच ॲपमध्ये आहेत आणि घाईत कोणतं दाबलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

चूक झाल्यावर हाताशी उरते ती कचराकुंडी, आणि तिला मुदत असते. गुगल ड्राइव्ह, आयक्लाउड ड्राइव्ह, वैयक्तिक वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सचं फुकट खातं या सगळीकडे ही मुदत ३० दिवसांची आहे. गुगल फोटोज बॅकअप झालेल्या फोटोंना ६० दिवस देतं. ड्रॉपबॉक्सच्या वरच्या प्लॅनमध्ये १८० दिवसही मिळतात. ३० दिवस पुरेसे वाटतात, पण लोकांना डिलीट झालेली फाइल सहसा गरज पडल्यावरच आठवते, आणि करारपत्राची किंवा जुन्या प्रमाणपत्राची गरज वर्षातून एकदाच पडते. ज्यांच्याकडे अशा फाइल जास्त, त्यांनी कचराकुंडीची मुदत हा निवडीतला पहिल्या तीनांतला निकष मानावा.

डिलीट झालेली फाइल निदान दिसत नाही म्हणून कळते तरी. बिघडलेली फाइल जास्त त्रास देते: नाव तेच, जागा तीच, आतला मजकूर मात्र गेलेला. चुकून सगळं पुसून सेव्ह केलं किंवा खंडणीखोर व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या, तर सिंक इमानेइतबारे ती बिघडलेली प्रतच वर पाठवतं. इथे जुन्या आवृत्त्या कामी येतात. गुगल ड्राइव्ह वर्ड किंवा पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या होईपर्यंत ठेवतं. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ मिळतात. एकेक फाइल मागे नेणं ठीक आहे, पण व्हायरसने दहा हजार फाइली बिघडवल्या तर तसं करणं अशक्यच. म्हणून पैसे भरून घेताना 'सगळं खातं अमुक दिवशी होतं तसं कर' अशी सोय आहे का ते विचारा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीबरोबर वनड्राइव्हला मागच्या ३० दिवसांतल्या कोणत्याही क्षणापर्यंत असं मागे नेता येतं. ड्रॉपबॉक्सच्या पैसे भरून घ्यायच्या प्लॅनमध्ये याच कामाचं 'रिवाइंड' आहे.

संगणकातलं सगळंच राखायचं असेल तर बॅकब्लेझसारखी निव्वळ बॅकअपची सेवा जास्त बरी. ती फोल्डर निवडायला लावत नाही, डिस्कवरच्या फाइली मागच्या मागे वर पाठवत राहते. मात्र दोन संगणकांवर एकच फाइल उघडून काम करणं तिच्याकडून होणार नाही. तो तिचा धंदाच नाही.

जागेचा हिशेब

अंदाजाने प्लॅन घेऊ नका; मोजायला दहा मिनिटं पुरतात. फोनच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या पानावर फोटो आणि व्हिडिओ किती जागा खातात ते दिसतं. संगणकावर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. साधारण पट्टी अशी: १२ मेगापिक्सेलचा फोटो २ ते ४ एमबीचा, म्हणजे वीस हजार फोटो ६० जीबीच्या आसपास. कागदपत्रं नगण्य, हजारो पीडीएफ दोन-चार जीबीत बसतात. जागा खातो तो व्हिडिओ. आयफोनच्या नेहमीच्या सेटिंगवर एक मिनिटाचा ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने सुमारे १७० एमबी आणि ६० फ्रेमने सुमारे ४०० एमबी होतो. १०८०पीचा ६० एमबीच. तासभराचा समारंभ ४के ३० ला शूट केला तर १० जीबी गेले.

आलेल्या बेरजेत गेल्या १२ महिन्यांत जेवढी भर पडली त्याच्या तिप्पट मिळवा, म्हणजे तीन वर्षांची सोय झाली. मग प्लॅन बघा. ते एकसारख्या पायऱ्यांनी चढत नाहीत: आयक्लाउडमध्ये ५० जीबी, २०० जीबी आणि मग एकदम २ टीबी, म्हणजे सुमारे २००० जीबी. गरज २१० जीबीची असेल तर ज्या जागेला कधी हात लागणार नाही तिचेही पैसे भरावे लागतात. अशा वेळी मोठे व्हिडिओ आकारानुसार लावून हललेले, दोनदा आलेले, कुणीतरी फॉरवर्ड केलेले असे १५-२० जीबी काढून टाकले की खालच्या पायरीवर वर्ष-दोन वर्षं निघतात.

फुकटच्या १५ जीबीत काय काय धरलं जातं तेही बघायला हवं. गुगलची ही जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमधले कमी आकाराचे फोटोही यात मोजले जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही. जागा भरली की नुसते फोटो अडत नाहीत, जीमेलमध्ये येणारी पत्रंही परत जायला लागतात. एखाद्या जुन्या व्हॉट्सॲप गटातल्या व्हिडिओंमुळे नोकरीच्या मुलाखतीचं पत्र अडावं, हा या मांडणीतला सगळ्यात विचित्र भाग. ईमेल आणि फोटो एकाच खात्यात असतील तर जागा ८० टक्के भरली की हालचाल करा.

पहिल्या अपलोडला वेळ लागतो आणि तो आधीच काढता येतो. कनेक्शनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मेगाबाइटमध्ये असते. मध्ये आठाचा भाग. अपलोडचा वेग २० मेगाबिट असेल तर सेकंदाला २.५ एमबी वर जातात, म्हणजे २०० जीबीला कागदावर २२ तास. प्रत्यक्षात जास्तच, कारण हजारो बारक्या फाइलींना एका मोठ्या फाइलीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. इंटरनेटच्या जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो. अपलोडचा वेगळा तपासा, अनेक कनेक्शनांवर तो पुष्कळ कमी असतो. लॅपटॉप चार्जरला लावून झोपेची सेटिंग बंद करा आणि फोनवर 'फक्त वायफायवर' हे चालू ठेवा. आयफोनवर ॲपलशिवाय इतरांच्या ॲपना मागच्या मागे फार वेळ काम करू दिलं जात नाही, म्हणून गुगल फोटोज किंवा ड्रॉपबॉक्सचं पहिलं मोठं अपलोड ॲप उघडं ठेवलं तरच सहसा लवकर पुरं होतं.

तुमच्याकडे कोणती यंत्रं आहेत

हा मुद्दा लवकर संपतो. सगळी ॲपलची यंत्रं असतील तर आयक्लाउडइतकं आपोआप दुसरं काही चालत नाही, पण विंडोजवर तेच आयक्लाउड ओढूनताणून चालतं आणि अँड्रॉइडवर त्याचं ॲपच नाही. विंडोज आणि ऑफिस वापरणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट ३६५ चा हिशेब सहसा बरा पडतो: १ टीबी जागा आणि वर्ड-एक्सेल एकाच वर्गणीत. अँड्रॉइड फोन आणि ब्राउझरमधलं काम असेल तर गुगल. घरात सरमिसळ असेल तर गुगल किंवा ड्रॉपबॉक्स. लिनक्सवर मोठ्यांपैकी ड्रॉपबॉक्सचंच अधिकृत ॲप आहे. गुगल आणि वनड्राइव्हसाठी आरक्लोनसारखं साधन वापरावं लागतं.

मोठ्या फाइलींवर रोज काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी: फाइलीतला थोडासा भाग बदलला तर सेवा तेवढाच भाग वर पाठवते की पूर्ण फाइल? ड्रॉपबॉक्स सुरुवातीपासून बदललेला तुकडाच पाठवतं, वनड्राइव्हनेही ते पुढे आणलं. ५ जीबीच्या फाइलीत एक ओळ बदलली आणि पूर्ण ५ जीबी पुन्हा वर जाऊ लागले, तर मंद कनेक्शनवर दिवस त्यातच जातो.

कुठे बिनसतं

सगळ्यात जास्त घबराट उडवणारा प्रकार म्हणजे 'माझ्या डेस्कटॉपवरच्या फाइली गेल्या'. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या आत जातात. पुढे कधी तो बंद केला की जुन्या जागी काही दिसत नाही. फाइली गेलेल्या नसतात, वनड्राइव्ह फोल्डरच्या आत असतात. तिथून हाताने परत आणाव्या लागतात. नवा लॅपटॉप सुरू करताना हा बॅकअप बऱ्याचदा न कळत चालू झालेला असतो, म्हणून पहिल्याच दिवशी वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो हवा की नको ते ठरवून टाका.

दुसरा प्रकार पोकळ फाइलींचा. डिस्कवर जागा वाचावी म्हणून या सेवा फाइलीचं फक्त नाव आणि चिन्ह ठेवतात आणि उघडल्यावर आतला मजकूर खाली आणतात. विंडोजमध्ये अशा फाइलीसमोर निळ्या ढगाचं चित्र असतं, खरोखर उतरलेल्या फाइलीसमोर हिरवी खूण. प्रवासात इंटरनेट नसताना ढगवाली फाइल उघडत नाही. लागणाऱ्या फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि निघण्याआधी हिरवी खूण येईपर्यंत थांबा. असाच चकवा गुगल डॉक्सचा आहे. संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये दिसणारी डॉक्सची फाइल ही निव्वळ लिंक असते, आत मजकूर नसतो. ती पेनड्राइव्हवर घेऊन बॅकअप झाला असं समजू नका. आधी वर्ड किंवा पीडीएफमध्ये डाउनलोड करा.

काही फाइली सिंक फोल्डरमध्ये ठेवूच नयेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, फोटो सॉफ्टवेअरची कॅटलॉग फाइल, व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक): या फाइली उघड्या असताना सतत बदलत असतात. सिंक त्यांची प्रत लिहिणं अर्धवट असतानाच उचलतं, किंवा दोन संगणकांवर एकाच वेळी उघडल्या तर दोन वेगळ्या प्रती होतात, आणि डेटाबेस एकदा फाटला की तो जोडता येत नाही. मूळ फाइल बाहेरच ठेवा, सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप फाइल बनवा आणि ती क्लाउडमध्ये टाका. साध्या वर्ड फाइलीवर दोघांनी एकदम काम केलं तर ड्रॉपबॉक्स दुसऱ्या प्रतीच्या नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं लिहून दोन्ही ठेवतं. असं नाव दिसलं की दोन्ही उघडून बघा, मगच एक काढा.

नावांमुळेही फाइली अडकतात. मॅकवर चालणारं नाव विंडोजवर चालेलच असं नाही. प्रश्नचिन्ह, कोलन (:), तारका, दुहेरी अवतरणचिन्ह आणि तिरप्या रेघा विंडोजला नावात नको असतात. फोल्डरात फोल्डर करत गेलं की पूर्ण पत्ता लांबतो आणि विंडोजमधल्या अनेक प्रोग्रॅमना २६० अक्षरांपुढचा पत्ता उघडता येत नाही. सिंक 'चालू आहे' असं दाखवत आठवडाभर अडून बसलं असेल तर कारण बहुधा अशी एखादी फाइलच असते. ॲपच्या चिन्हावर क्लिक करून चुकांची यादी बघा, नाव सुधारा, गाडी पुढे सरकते.

आणि कधी चूक कंपनीचीही असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमध्ये दोष निघाला आणि काही लोकांच्या अलीकडच्या फाइली दिसेनाशा झाल्या. गुगलने फाइली परत मिळवण्याची सोय नंतर ॲपमध्येच दिली. मोठी कंपनी आहे म्हणून दुसरी प्रत नको, हा तर्क तिथे कुणाच्या कामी आला नाही.

किल्ली कुणाकडे

प्रत्येक सेवेच्या पानावर 'तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे', म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात आहे, असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण कुलूप आहे का, यापेक्षा किल्ली कुणाकडे हे महत्त्वाचं. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सच्या साध्या वैयक्तिक खात्यात किल्ली कंपनीकडे असते. त्यामुळे पासवर्ड विसरलात तरी ओळख पटवून खातं परत मिळतं, फोटोंत चेहऱ्यावरून शोध घेता येतो, ब्राउझरमध्ये फाइल उघडून बघता येते. त्याचबरोबर कायदेशीर आदेश आला तर कंपनी डेटा देऊ शकते आणि आपल्या नियमांसाठी तो यंत्राकडून तपासूनही घेऊ शकते.

या तपासणीची दुसरी बाजू ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापली. एका वडिलांनी आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले. गुगलच्या यंत्रणेने ते बालशोषणाचे ठरवले आणि खातं बंद झालं. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं, तरी गुगलने खातं दिलं नाही. ईमेल, संपर्क, वर्षानुवर्षांचे फोटो एकाच खात्यात असले की ते सगळे एकाच वेळी जातात. असं क्वचित होतं, पण झालं तर सुनावणी नावाला उरते.

शेवटपर्यंत एन्क्रिप्टेड, म्हणजे एंड टू एंड सेवेत किल्ली तुमच्याच यंत्रावर बनते आणि कंपनीला आतलं काही दिसत नाही. प्रोटॉन ड्राइव्ह आणि मेगा मुळातच अशा आहेत. आयक्लाउडमध्ये डिसेंबर २०२२ पासून 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' आहे, पण ते आपणहून चालू करावं लागतं, आणि ब्रिटनमध्ये ॲपलने ते फेब्रुवारी २०२५ पासून नव्या वापरकर्त्यांना देणं बंद केलं. पीक्लाउडमध्ये याच कामाच्या 'क्रिप्टो' फोल्डरचे पैसे वेगळे पडतात. अशा कुलपाची किंमत एकच, पण मोठी: पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास वापरायची राखीव किल्ली) दोन्ही हरवलं तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही.

आमचं मत असं की सगळ्याच फाइली या कुलपात घालायची गरज नाही. सहलीचे फोटो साध्या खात्यात राहू द्या. ओळखपत्रांच्या प्रती, वैद्यकीय अहवाल, मालमत्तेचे कागद, पासवर्डांची यादी एवढ्यांसाठी क्रिप्टोमेटर हे सॉफ्टवेअर वापरा. ते मुक्त स्रोत आहे आणि संगणकावर फुकट चालतं. तुमच्या नेहमीच्या क्लाउड फोल्डरमध्ये नवं व्हॉल्ट (कुलूपबंद फोल्डर) बनवायचं, लांब पासवर्ड द्यायचा, रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायची. व्हॉल्ट उघडलं की ते वेगळ्या ड्राइव्हसारखं दिसतं. त्यात टाकलेली फाइल कुलूप लागूनच वर जाते. कंपनीला दिसतात फक्त अगम्य नावांच्या फाइली.

खरी चोरी मात्र बहुतेक वेळा पासवर्डाची असते. २०१४ मध्ये हॉलिवूडमधल्या नट्यांचे खासगी फोटो फुटले ते ॲपलचे सर्व्हर फोडून नव्हे, खोट्या ईमेलमधून पासवर्ड काढून घेऊन. ड्रॉपबॉक्सच्या २०१२ मधल्या चोरीत ६ कोटी ८० लाखांहून जास्त खात्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड गेले होते, हे २०१६ मध्ये उघड झालं. म्हणून क्लाउड खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि लॉगिनची दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डानंतरची आणखी एक खातरजमा, चालू असावी. ती एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲपची (ते फोनवरच कोड बनवतं) किंवा पासकीची (बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिनने होणारं लॉगिन) बरी, कारण फोन नंबर बदलतो आणि सिमची फसवणूकही होते. दुसरी पायरी चालू केल्यावर मिळणारे बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा. ते त्याच क्लाउडमध्ये सेव्ह करणारे लोक कमी नाहीत.

लिंकांचंही तसंच. 'लिंक असलेला कुणीही' असं शेअर केलं की ती लिंक पुढे जाईल तिथे फाइल उघडते. खासगी कागद नेहमी माणसाच्या ईमेलवर शेअर करा आणि काम झालं की हक्क काढून घ्या. लिंकला मुदत आणि पासवर्ड लावण्याची सोय ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्हमध्ये पैसे भरणाऱ्यांनाच मिळते.

कुटुंबाचा प्लॅन, आणि पैसे थांबले तर

कुटुंबासाठी घेताना जागा एकत्र की वेगळी ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली प्लॅनमध्ये सहा जणांपर्यंत प्रत्येकाला स्वतःचे १ टीबी मिळतात. एकाचे भरले तर दुसऱ्याचे वापरता येत नाहीत. गुगल वन आणि आयक्लाउडमध्ये विकत घेणारा धरून सहा जण एकाच हौदातून जागा घेतात. तिथे एकाने व्हिडिओ भरले की सगळ्यांचं अडतं. फाइली मात्र प्रत्येकाच्या त्यालाच दिसतात.

वर्गणी थांबली तर लगेच काही पुसलं जात नाही, पण घड्याळ सुरू होतं. वनड्राइव्ह मर्यादेबाहेर गेलं की नवं काही टाकता येत नाही आणि सहा महिने तसंच राहिलं तर फाइली काढण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. गुगलमध्ये ही मुदत दोन वर्षांची. शिवाय दोन वर्षं वापरच नसलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून बंद करतं, म्हणून फक्त साठवणीसाठी काढलेल्या खात्यात अधूनमधून लॉगिन करत राहावं लागतं.

'आयुष्यभरासाठी एकदाच पैसे भरा' अशा प्लॅनबद्दल सावध राहा. ते आयुष्य तुमचं नसतं, कंपनीचं असतं. 'उबुंटू वन' ही सेवा २०१४ मध्ये बंद झाली, 'कॉपी' नावाची २०१६ मध्ये, आणि ॲमेझॉनसारख्या मोठ्या कंपनीनेही आपलं ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ ला बंद केलं. चालू सेवांच्या अटीही बदलतात: वनड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी २०१६ मध्ये ५ झाले. एकरकमी किंमत तीन-चार वर्षांच्या वर्गणीत वसूल होत असेल तर एक वेळ विचार करा, त्याहून लांबच्या हिशेबावर नको.

पैसे भरण्याआधीची चाचणी

वर्षाची वर्गणी घेण्याआधी एक महिन्याची घ्या, किंवा फुकटच्या खात्यातच २ जीबीचं चाचणी फोल्डर टाका. त्यात शे-दोनशे फोटो, एक मोठा व्हिडिओ, काही वर्ड फाइली, देवनागरी नावाच्या चार-पाच फाइली आणि फोल्डरात फोल्डर असं सगळं असू द्या. सिंक पूर्ण झाल्यावर एक फोल्डर डिलीट करा आणि ब्राउझरमधून परत आणा; फाइली मूळ जागी आल्या का बघा. एका वर्ड फाइलीतला मजकूर पुसून सेव्ह करा आणि जुनी आवृत्ती काढा. एक लिंक बनवून ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडा. शेवटी सगळं फोल्डर डाउनलोड करून फाइलींची संख्या आणि तारखा जुळवा. यात तासभर जातो आणि जाहिरातीत कधीच न सांगितलेल्या गोष्टी कळतात.

बाहेर पडण्याची वाट प्रत्येक सेवेची वेगळी आहे. गुगलमधून 'टेकआउट' वापरून सगळं मागवता येतं. झिप फाइलींचा आकार आपणहून २ जीबी ठरलेला असतो, तो ५० जीबी करा, नाहीतर शंभर तुकडे खाली उतरवत बसावं लागेल. डाउनलोडची लिंक आठवडाभरच चालते. फोटोंच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख शाबूत येते, पण गुगल फोटोजमध्ये हाताने सुधारलेली तारीख, ठिकाण आणि वर्णन शेजारच्या जेसॉन (.json) या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळं पडतं, आणि नव्या सेवेत नुसते फोटो चढवले तर ते हरवतं. आयक्लाउडमधले फोटो ॲपलच्या डेटा आणि गोपनीयतेच्या पानावरून थेट गुगल फोटोजकडे पाठवण्याची विनंती करता येते. त्याला काही दिवस लागतात आणि मूळ फोटो आयक्लाउडमध्ये तसेच राहतात. ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्हमधून ब्राउझरने मोठी झिप काढू नका, ती मध्येच तुटते. संगणकावरच्या ॲपमधून सगळं खाली उतरवा आणि मग दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

ही दुसरी डिस्क कोणत्याही सेवेबरोबर हवीच. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते, कारण विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. तेवढं धरूनच आकार ठरवा. महिन्यातून एकदा लावायची, क्लाउड फोल्डरची कॉपी घ्यायची, आणि काढून ठेवायची. कायम लावलेल्या डिस्कलाही व्हायरस गाठतो.

सेवा बदलत असाल तर जुनी वर्गणी नव्या ठिकाणी सगळं पोचल्यानंतरही एक महिना चालू ठेवा. त्या महिन्यात नव्या जागेतून वेगवेगळ्या वर्षांच्या वीस-पंचवीस फाइली उघडून बघा, लोकांना दिलेल्या लिंका नव्याने पाठवा, फोनवरचा जुना बॅकअप बंद करा. जुन्या ॲपमधून आधी लॉगआउट व्हा, आणि त्यानंतरच ब्राउझरमधून तिथल्या फाइली काढा. ॲप जोडलेलं असताना काढल्या तर सिंक त्या तुमच्या संगणकावरूनही काढून टाकेल.